ही रेकॉर्ड कधीची?

गेल्या पावसाळ्यात मामाकडे पार्ल्याला गेले होते. मामाच्या घरी संध्याकाळ म्हणजे गाणं, हे माझ्या लहानपणापासूनचं. आधी रेकॉर्ड प्लेअर होता, मग कॅसेटी आल्या, आता मुलाने आणून दिलेला छोटासा स्पीकर आहे. त्या दिवशी म्हटलं, आज मी ऐकवते, आणि फोनवरून 'टुबा स्किनी' लावलं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा जॅझ बँड. बँजोची खणखणीत सुरुवात, त्याखाली टुबा या अगडबंब पितळी वाद्याचे गोल, भरदार ठोके आणि वर किंचित घोगरा, दबक्या आवाजात गुपित सांगितल्यासारखा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं आखूड भावंड. मामाने डोळे मिटले. खुर्चीच्या हातावर बोटं चालायला लागली, तीही ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधे, जिथे ती चालायला हवीत तिथेच. गाणं संपल्यावर म्हणाला, "वा! कधीची गं रेकॉर्ड? तीस सालच्या आधीची असणार." मी म्हटलं, "मामा, ही आत्ताची मुलं आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग असेल." बोटं थांबली. "असं होय," तो म्हणाला, "म्हणजे नक्कलच की." आणि चहाचं बघायला आत गेला.

ते 'नक्कलच की' काही केल्या मनातून जाईना. स्पीकरमधून आलेला सूर तोच होता. मधे बदललं काय, तर एक साल. मामा काही कोत्या मनाचा माणूस नाही. पंचविशीतली एखादी मुलगी सदारंगाची बंदिश गायला बसली तर हाच मामा पहिल्या रांगेत बसून दाद देईल, तिला नक्कल म्हणण्याचं त्याच्या मनातही येणार नाही. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीची चीज गायली तर ती परंपरा, आणि शंभर वर्षांपूर्वीचं जॅझ वाजवलं तर ती नक्कल, असं का व्हावं? बराच विचार केल्यावर वाटलं, गोम रेकॉर्डमधेच आहे. सदारंग कसा गायचा हे आपल्याला ऐकायला मिळालेलं नाही. त्यामुळे आजच्या गायिकेशेजारी मूळ आवाज उभा करून ताडून बघायची सोयच नाही. जॅझचं उलटं झालं. ते वयात येता येता ध्वनिमुद्रणात सापडलं. १९१७ मधे पहिली जॅझ रेकॉर्ड निघाली (ती काळ्या वादकांची नव्हे, गोऱ्यांच्या बँडची, हे आत्ताच सांगून ठेवते), आणि तेव्हापासून या संगीताच्या प्रत्येक पिढीच्या डोक्यावर आधीच्या पिढीची तबकडी फिरत राहिली. बालगंधर्वांच्या पदांचंही थोडं असंच झालंय. रंगमंचावर वन्स मोअर घेत घेत रात्र चढवणारा माणूस आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत, आणि आता कुणी ते पद पाच मिनिटं गायलं की "मूळ असं नाही" म्हणणारे भेटतात.

पण तबकडीवर जे आहे ते तरी 'मूळ' कितपत? १९२३ साली किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला, पुढे जगप्रसिद्ध झालेला तरुण लुई आर्मस्ट्राँग त्यात दुसरा कॉर्नेट वाजवत होता. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचं, कर्ण्याच्या टोकाला सुई, सुईखाली मेण. आर्मस्ट्राँगचा आवाज एवढा दणदणीत की त्याला बाकीच्यांपासून दूर मागे उभं केलं, असं सांगतात. शेजारून रेल्वेचे रूळ गेलेले, गाडी आली की थांबायचं. मोठा ड्रम वाजवला तर सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्ससारखा ढोलिया लाकडी ठोकळ्यावर टिकटिक करत बसला. बास वाजवणाऱ्या बिल जॉन्सनच्या हातात बँजो आला. दहा इंची तबकडीत तीन मिनिटांच्या आसपासच मावतं, म्हणून शिकागोच्या नाचघरात ताणत ताणत रंगवलेलं गाणं तेवढ्यात उरकलं. पुढच्या काळात जगभर या रेकॉर्डी ऐकून जे शिकले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ती टिकटिकही मन लावून शिकून घेतली. सुई उडू नये म्हणून केलेली तडजोड शैली होऊन बसली. मला हे वाचलं तेव्हा हसू आलं नाही, भरून आलं. इतकं प्रेम, की अडचणीसकट उचललं.

जुन्या जॅझचं पुनरुज्जीवन म्हणतात ते काही आजचं नाही. १९४० च्या दशकातच त्याची पहिली लाट आली, आणि तिच्या मध्यभागी बंक जॉन्सन नावाचा म्हातारा ट्रम्पेटवाला होता. काही हौशी अभ्यासक जॅझचा जन्म शोधत निघाले, जुन्या वादकांना विचारता विचारता बंकचं नाव पुढे आलं, आणि तो सापडला लुइझियानातल्या न्यू आयबेरिया गावात, मोलमजुरी करत. वाजवणं सुटलेलं, कारण दात नव्हते. ट्रम्पेटवाल्याला दात नाहीत म्हणजे संपलंच. नामवंत जॅझ वादक सिडनी बेशेचा भाऊ लेनर्ड दंतवैद्य होता, त्याने कवळी करून दिली. नवं ट्रम्पेट मिळालं. १९४२ मधे त्याची ध्वनिमुद्रणं झाली, गोदीत हमाली करून पोट भरणारा जॉर्ज लुइस क्लॅरिनेटवर होता. भक्तांना जणू उगमच हाती लागला. बंकने आपलं वयही दहाएक वर्षं वाढवून सांगितलं होतं असं पुढे संशोधकांचं मत पडलं. उगमाच्या अधिक जवळ जायला तेवढी वर्षं लागतच होती. पण या गोष्टीतलं मला लागलेलं निराळंच आहे. बंकला त्या भक्तांना हवं ते आणि तेवढंच वाजवायचं नव्हतं. त्याला रेडिओवर लागणारी त्या काळची ताजी गाणी आवडत. १९४७ मधल्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात त्याने मनासारखे, नोटेशनचा कागद वाचता येणारे वादक घेतले आणि जॅझच्या आधीच्या जुन्या रॅगटाइम चालींच्या जोडीला चालू जमान्याची गाणी वाजवली. दोन वर्षांनी तो गेला.

ज्याला जिवंत केलं, त्याला विचारलंच नव्हतं कुणी.

काही वर्षांपूर्वी भावाकडे ह्यूस्टनला गेले होते तेव्हा हट्ट करून न्यू ऑर्लिन्सला गेलो. सेंट पीटर स्ट्रीटवर प्रिझर्व्हेशन हॉलच्या बाहेर रांगेत उभे राहिलो. अंगाला चिकटणारा दमट उकाडा, मुंबईच्या माणसाला ओळखीचा, पण त्यात बिअरचा, तळणाचा आणि टांगे ओढणाऱ्या खेचरांचा वास मिसळलेला. आत गेल्यावर धक्काच बसतो. नाव 'हॉल', प्रत्यक्षात आपल्या चाळीतल्या दोन खोल्या एक केल्यावर होईल एवढीशी जागा. भिंतींचे पोपडे निघालेले. खाणं-पिणं काही नाही, माइक नाही. पुढच्यांनी जमिनीवर बसायचं, मग बाकं, मग उभे. मी पुढे जमिनीवर होते आणि ट्रॉम्बोनची नळी लांब सरकली की माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर यायची. नळीच्या टोकाशी छोटी चावी असते, तिथून साठलेलं पाणी वादक दोन गाण्यांच्या मधे झटकून टाकतो, ते शेजारच्या फळीवर पडलेलं दिसत होतं. तिथे बसून एक गोष्ट कानाला कळली जी रेकॉर्डवरून मला कधी कळली नव्हती. कॉर्नेट सुरावट धरून चालतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वरून वेल चढवतो, ट्रॉम्बोन खालून एका सुरातून दुसऱ्यात घसरत जातो, तिघंही एकाच वेळी आपापलं बोलत असतात आणि तरी गोंगाट होत नाही. कारण प्रत्येकजण दुसऱ्याच्या श्वासाची जागा ऐकतोय. एकाने श्वास घेतला की तेवढ्या फटीत दुसरा शिरतो. हे पाठ करून येत नाही. रेकॉर्डवरचा सूर न् सूर उतरवून घेतला तरी समोरचा माणूस आज श्वास कुठे घेणार, हे कागदावर कुठे असतं?

हा हॉल १९६१ चा. चित्रांच्या दुकानात म्हातारे वादक जमायचे, त्यातून उभा राहिला, आणि फिलाडेल्फियाहून आलेल्या अॅलन व सँड्रा जाफे या तरुण जोडप्याने तो चालवायला घेतला. अॅलन स्वतः टुबा वाजवायचा, आता त्याचा मुलगा बेन ते सांभाळतो. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून वाजवणं-ऐकणं त्या शहरात तेव्हा कायद्यात बसत नव्हतं. स्वीट एमा बॅरेट, जॉर्ज लुइस, किड थॉमस, अंध डीडी पिअर्स आणि त्याची पियानो वाजवणारी बायको बिली, ही सगळी माणसं तिथे उतारवयात रोज संध्याकाळी वाजवायची. त्यांना कोण नक्कल म्हणेल? पण तीही आपल्या तरुणपणीची गाणी चाळीस वर्षांनी वाजवत होतीच.

दुसऱ्या दिवशी रॉयल स्ट्रीटवर 'टुबा स्किनी' भेटली. दिवसा तिथे काही तास गाड्या बंद असतात. वर लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या, त्यांतून लोंबणारी नेच्याची झाडं, खाली रस्त्यातच खुर्च्या आणि उलटे डबे टाकून बसलेला बँड, पुढे पैशांसाठी उघडी ठेवलेली पेटी. २००९ च्या सुमारास अशाच रस्त्यावर वाजवणाऱ्या मुलामुलींतून हा बँड जमला. नाव पडलं ते टुबा फॅट्सवरून, जॅक्सन स्क्वेअरमधे वर्षानुवर्षं वाजवणारा हा अँथनी लेसन नावाचा वादक २००४ मधे वारला. शे कोन ही त्यांची कॉर्नेटवाली. अल कोन या नामवंत सॅक्सोफोनवादकाची नात, शिकली ते अभिजात पियानो. ती पुढेपुढे करत नाही. स्वतःची एकट्याची जागा लांबवत नाही, खुर्चीत किंचित वाकून बसते, वाद्याच्या तोंडाशी म्यूट, म्हणजे आवाज दबवायचं झाकण, हलवत राहते, आणि सगळा बँड तिच्या भुवईकडे बघत असतो. मी मात्र बघत राहिले वॉशबोर्डवाल्याला. कपडे घासायचा नालीदार पत्रा, लाकडी चौकटीत बसवलेला, आणि बोटांत शिंप्याची अंगुस्तानं. पत्र्याच्या मधल्या नाल्या घासून घासून पांढऱ्या पडल्या होत्या, कडेच्या अजून काळपट. मनगट जवळजवळ हलत नव्हतं, सगळं काम बोटांच्या पेरांत. रस्त्यावरून एक आजोबा आजींना घेऊन चालले होते, ते थांबले, आणि पिशवी खांबाला टेकवून तिथेच चार पावलं नाचले.

हा बँड वाजवतो त्यातलं बरंचसं विसरलेलंच म्हणायला हवं. मेंफिस मिनी, ल्यूसिल बोगन, जॅबो स्मिथ या जुन्या ब्लूज-जॅझ कलावंतांची, संग्राहकांपलीकडे फारशी कुणाच्या ओठांवर नसलेली गाणी. आणि त्यांच्या बरोबरीने शे कोनने स्वतः बांधलेल्या चाली. न सांगता ऐकवल्या तर जुन्या कुठल्या आणि नव्या कुठल्या हे मला तरी ओळखता येत नाही. न्यूयॉर्कच्या विन्स जॉर्डानोची वाट वेगळी. 'नाइटहॉक्स' हा त्याचा बँड गेली कित्येक दशकं १९२०-३० च्या दशकांतलं संगीत मूळ छापील नोटेशनवरून वाजवतो. ब्रुकलिनमधल्या त्याच्या घरात अशी ६०,००० च्या आसपास नोटेशनं फायलींच्या कपाटांत लावून ठेवलेली आहेत. तो एकटाच टुबा, बास सॅक्सोफोन आणि मोठा उभा बास आळीपाळीने वाजवतो. हे जवळजवळ सुरासुराला धरून वाजवणं, तरी मला त्याला नक्कल म्हणवत नाही. जुन्या रेकॉर्डीवर बास सॅक्सोफोन म्हणजे लांबवरची गुरगुर. तो खोलीत वाजला की खुर्चीला कळतो. खरं सांगायचं तर माझं मन उडतं ते तिसऱ्याच प्रकारावरून. गॅलस, तिरकी टोपी, खोट्या मोत्यांच्या माळा, आणि आजच्या पॉप गाण्याला जुना ठेका लावून एका रात्रीत लाखो लोकांना दाखवलेला व्हिडिओ. वादक त्यातले उत्तम असतात. पण तिथे जुनेपण हा पोशाख असतो, गाणं संपलं की उतरवून ठेवायचा.

एक गोष्ट मला अजूनही सतावते. मी रॉयल स्ट्रीटवर ऐकलेले बहुतेक वादक गोरे होते, बाहेरगावाहून या शहराच्या ओढीने आलेले. आणि हे संगीत ज्यांनी घडवलं त्यांना त्याचे पैसे पहिल्या रेकॉर्डपासूनच दुसऱ्याच्या खिशात जाताना बघावे लागले. हे कळूनही ते वादन मला आवडतं, आणि आवडताना कुठेतरी टोचतं, दोन्ही एकाच वेळी. पण याचा अर्थ काळ्या न्यू ऑर्लिन्सने आपलं संगीत टाकून दिलं असा नाही. डॅनी बार्कर हा तिथलाच बँजो-गिटारवाला, कॅब कॅलोवेच्या मोठ्या बँडमधे वाजवून, न्यूयॉर्क गाजवून १९६५ मधे गावी परतला. बघतो तर रस्त्यावरच्या ब्रास बँडांत सगळे म्हातारे, पोरांना त्याचं वावडं. १९७० च्या सुमारास त्याने फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आश्रयाने शेजारपाजारची पोरं गोळा केली. त्यांतून लेरॉय जोन्स निघाला, पुढे जॅझमधे नामवंत झालेले मार्सालिस बंधू तिथे वाजवून गेले, आणि पुढे 'डर्टी डझन'सारखे बँड उभे राहिले, ज्यांनी त्यात फंक, बीबॉप असे नंतरच्या काळातले प्रकार घातले, आणि रस्त्यावरची मिरवणूक पुन्हा तरुण केली. त्याच चर्चच्या बँडमधून आलेला मायकेल व्हाइट हा क्लॅरिनेटवादक पारंपरिक शैलीलाच धरून राहिला. २००५ च्या कतरिना वादळात त्याचं घर बुडालं. जुनी क्लॅरिनेटं, हजारो रेकॉर्डी, कागदपत्रं, आयुष्यभर जमवलेलं सगळं पाण्यात गेलं. तबकड्या गेल्यावर माणसाकडे काय उरतं, याचं उत्तर या माणसाने दिलं. त्यानंतर त्याने त्याच जुन्या घडणीत नवीन गाणी बांधली आणि ध्वनिमुद्रित केली.

स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडांच्या नाचायच्या जॅझच्या, बाबतीत तर वादकांच्या आधी पाय परत आले. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममधे दोन व्यासपीठं असत, एक बँड थांबला की दुसरा सुरू, फरशी रिकामी म्हणून राहायची नाही. तिथे १९३५ मधे फ्रँकी मॅनिंग या नर्तकाने जोडीदारणीला पाठीवरून उलटं फेकून पुन्हा ठेक्यात उतरवलं. पुढे जमाना बदलला, फ्रँकीने टपाल खात्यात नोकरी धरली आणि तीसएक वर्षं केली. १९८६ मधे कॅलिफोर्नियाहून दोन तरुण नर्तक त्याला शोधत आले. तिथून पुढे हा माणूस जगभर शिकवत हिंडला, २००९ मधे पंचाण्णवावा वाढदिवस महिन्यावर आलेला असताना वारला. १९९८ मधे अमेरिकेत एका कपड्यांच्या जाहिरातीत तरुण मुलं स्विंगवर नाचली आणि एकदम लाट आली, दोन-तीन वर्षांत ओसरलीही. लाट ओसरल्यावर जे उरले ते फ्रँकीकडून शिकलेले. आजचे बहुतेक स्विंग बँड त्यांच्या जिवावर चालतात. नाचणाऱ्यांसमोर वाजवताना नक्कल चालतच नाही. वेग जरा चुकला, ठेका जरा जड झाला की फरशी रिकामी होते, मग रेकॉर्डवर तो वेग कितीही बरोबर असो.

आणि मामाबद्दल बोलायचं तर त्याचा सगळ्यात लाडका संगीतकार म्हणजे सी. रामचंद्र. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, मामाचे 'अण्णा'. 'अलबेला'ची गाणी लागली की मामा आजही खुर्चीत उडतो. त्या गाण्यांतला तो आवाज आला कुठून? १९३५ मधे लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमधे आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे वादक आले. त्यांना ऐकत, त्यांच्याशेजारी वाजवत गोव्याची पोरं तयार झाली. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, व्हायोलिन-ट्रम्पेट हाताशी असलेली. मिकी कोरियाने १९३९ पासून ताजचा बँड चालवला. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' झाला, आर्मस्ट्राँगच्या ढंगात ट्रम्पेट वाजवायला लागला, लोक त्याला मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. मग दारूबंदी आली, हॉटेलांतले बँड ओसरू लागले, आणि ही मंडळी आणखी मोठ्या संख्येने सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळली. चितळकरांच्या सुरावटी आणि चिकचा ट्रम्पेट यांची गाठ पडली. 'अलबेला'त चिक आपल्या वादकांसकट पडद्यावरही दिसतो. हे सगळं मी परवा फोनवर मामाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण अण्णांनी त्यात आपलं घातलं ना." हो, घातलं. लावणीचा ठसका घातला, मराठी कान घातला. तेच तर मी म्हणत होते.

चिक चॉकलेट १९६७ मधे गेला. हॉटेलांच्या त्या रात्री कुणी रेकॉर्ड करून ठेवत नव्हतं, जे मुद्रित झालं ते थोडंच. सिनेमाच्या गाण्यांतले सुरुवातीचे आणि मधले तुकडे ज्या गोव्याच्या अरेंजरांनी कागदावर उतरवले, त्यांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच आली, आणि त्यातले किती कागद रद्दीत गेले असतील याचा विचार करवत नाही. जॉर्डानोच्या कपाटांचं वाचलं तेव्हा मला हेवा वाटला तो याचा. आपल्याकडे हे करायला माणसं नाहीत असं नाही. गोव्यात आजही लग्नाच्या पंगतीआधी ट्रम्पेट-सॅक्सोफोन तयारीने वाजवणारी मुलं आहेत, त्यांना नोटेशन वाचता येतं. मुंबई-पुण्यात लिंडी हॉप, म्हणजे फ्रँकीचा तो स्विंग नाच, शिकणारे तरुण आहेत, आणि त्यांना नाचायला बहुतेक वेळा स्पीकरवरचं गाणं मिळतं. या दोघांची गाठ घालून द्यायला हवी. ताजमधे वाजलेलं, चितळकरांच्या गाण्यांमागे वाजलेलं कुणीतरी कानाने उतरवून घ्यायला हवं, जिथे ऐकू येत नाही तिथे स्वतःचं भरायला हवं, त्यात एखाददुसरी आपली नवी चाल बेमालूम सरकवून द्यायला हवी. मामालाही घेऊन येईन. फक्त खुर्च्यांच्या रांगा मांडू नका, फरशी मोकळी ठेवा.